स्वादुपिंडाचं वजन

कोंबडीचं स्वादुपिंड शोधायला मला कधी वेळ लागला नाही. पोट उघडलं की गिझार्डपासून, म्हणजे दाणे दळणाऱ्या जाड पोटापासून, लहान आतडं निघतं आणि लगेच एक लांबट वळसा घेऊन परत येतं, अंबाड्यात खोवायच्या आकड्यासारखं. त्या आकड्याच्या दोन पायांमध्ये फिकट गुलाबी रंगाची, करंगळीहून बारीक पट्टी असते. काळीज, आतडी, पित्ताची पिशवी, सगळं रंगाने नाहीतर वासाने अंगावर येतं. ही पट्टी मात्र मधे गपचूप पडून असते. मी तिला चिमट्याने धरून, कात्रीच्या टोकाने दोन्हीकडून सोडवायची आणि काचेच्या पेटीतल्या लहान तराजूत ठेवायची.

"त्या चिमूटभर मांसाचं काय वजन करत बसता, बाई?" आमचे डॉक्टर म्हणायचे. "आतडं बघा, काळीज बघा, पुढचा पक्षी घ्या."

ते जनावरांचे डॉक्टर होते, पण आयुष्यभर कोंबड्याच बघत आले होते. मी त्यांची मदतनीस. मला त्यांनीच शिकवलं होतं आणि शिकवताना एकदा सांगितलं होतं, की जे कापाल ते मोजा. ते विसरले, मी विसरले नाही. माझ्या वहीत प्रत्येक पक्ष्याचं वजन, काळजाचं वजन आणि शेवटच्या रकान्यात स्वादुपिंडाचं वजन असायचं. तीन आठवड्यांचा निरोगी ब्रॉयलर आठशे ग्रॅमच्या आसपास भरायचा आणि त्याचं स्वादुपिंड दोन ग्रॅमच्या थोडं वर. वर्षानुवर्षं तोच आकडा. मला त्यात एक समाधान वाटायचं. जगात निदान एक गोष्ट जागच्या जागी आहे, असं.

कंपनी मोठी होती. पिल्लं तिची, खाद्य तिचं, औषधं तिची. शेड आणि राबणारे हात तेवढे लोकांचे. सहा आठवड्यांनी ट्रक यायचा आणि वाढलेले पक्षी भरून न्यायचा. आमच्या घरातली तीन माणसं ह्या कंपनीच्या दावणीला होती. मी प्रयोगशाळेत, बाबा खाद्याच्या गिरणीत आणि मावशी, म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण, तीन हजार पक्ष्यांची शेड सांभाळायची. आई मी सोळा वर्षांची असताना गेली. त्यानंतर मला वाढवलं ते मावशीने, बाबांनी आणि थोडंफार माझं मी.

बाबांना गिरणीत सगळे 'जीभ' म्हणत. तोंडावर नाही, पण पाठीमागेही प्रेमानेच. कोंबडीच्या खाद्यात सोयाबीन लागतं आणि ते नीट भाजलेलं लागतं. कच्च्या सोयाबीनमध्ये असं काही असतं की ते पोटातल्या पाचकरसाचे हातच बांधून टाकतं. कोंबडी खाते भरपूर, पण अंगी लागत नाही. जास्त भाजलं तरी त्यातला कस जातो. म्हणजे मधली वेळ अचूक साधायला हवी. आज त्याला यंत्रं आहेत, रसायनं आहेत. तेव्हा आमच्या गिरणीत बाबा होते.

लोखंडी पिंपाची भट्टी फिरत असायची. तिच्यातून घाण्याघाण्याने दाणे बाहेर पडत. बाबा मूठभर दाणे पत्र्यावर पसरून थंड होऊ देत. मग कोमट पाण्याने चूळ भरत, एक दाणा पुढच्या दातांखाली धरत आणि तोडत. आधी आवाज ऐकायचे. मग चावायचे, डोळे मिटून, सावकाश. कच्चा असेल तर जिभेच्या कडांना गवतासारखी कडवट चव चिकटते, म्हणायचे, आणि घशापर्यंत सोडत नाही. पाच दाणे, पाच वेळा चूळ. मग हात वर केला तर माल पुढे जायचा. आडवा हलवला तर परत भट्टीत. ह्या कामासाठी त्यांनी तंबाखू सोडली, चहा सोडला, तिखट सोडलं. आई म्हणायची, "मी एवढं सोडायला सांगितलं असतं तर मला सोडलं असतं ह्यांनी."

गर्वही होता त्यांना त्याचा. पावाचा तुकडा खाऊन भट्टीत लाकूड कुठलं होतं ते सांगायचे. मावशी तर मुद्दाम छेडायची. "भावोजी, हे पाणी चाखून सांगा बरं, भांडं कोणी घासलंय?"

"ज्याने घासलं त्याने राख नीट धुतली नाही, एवढं सांगतो. भांडं तुमच्या घरचं आहे, मेहुणीबाई."

असं आमचं चालायचं.

मी सांगते आहे त्या वर्षी मावशीच्या शेडवर एकामागून एक दोन बॅचेस बिघडल्या. पक्षी मरत नव्हते, तीच तर पंचाईत. मेले असते तर रोगाला नाव मिळालं असतं. ते नुसते वाढत नव्हते. तीन आठवड्यांचे पक्षी दोन आठवड्यांचे दिसायचे. पंखांची पिसं विस्कटलेली, वेडीवाकडी. शीट पातळ, चिकट, आणि तिच्यात खाद्याचे कण जसेच्या तसे. शेडमधली तुसाची गादी सकाळी बदलावी तर संध्याकाळी पाय रुतावा इतकी ओली. मावशी फावडं घेऊन दिवसातून दोनदा गादी उलथायची. गुडघ्यांनी साथ सोडली होती, तरी एका गुडघ्याला फडकं बांधून उलथायची.

कंपनीचा तपासनीस आला, दारातूनच नाक धरून उभा राहिला आणि कागदावर लिहून गेला, 'स्वच्छता नाही.' दुसऱ्या बॅचलाही तेच. तिसरी बॅच बिघडली तेव्हा मावशीला निरोप आला, की प्रयोगशाळेचा अहवाल बघून शेड चालू ठेवायची की बंद करायची ते ठरवू.

ती पुठ्ठ्याच्या खोक्यात पाच पक्षी घालून प्रयोगशाळेत आली. केसांत तूस अडकलेला होता. खोकं टेबलावर ठेवून ती मला म्हणाली, "घे. तुझीच भावंडं आहेत असं समजून काप."

"मावशी, बस तू. पाणी घे."

"पाणी नको. तेवीस वर्षं झाली ही शेड करून. माझ्या स्वयंपाकघरात झुरळ सापडेल, पण शेडमध्ये नाही सापडायचं. आणि तो कालचा पोरगा मला स्वच्छता शिकवतो." मग जरा थांबून, आवाज उतरवून म्हणाली, "शेड गेली तर मी करू काय गं? मला दुसरं येतं काय?"

मी हातमोजे चढवले.

पहिला पक्षी साडेचारशे ग्रॅम भरला. आठशेच्या जागी साडेचारशे. आतडी पाण्याने फुगलेली, आत न पचलेलं खाद्य. रक्त नाही, व्रण नाहीत, जंत नाहीत. गादीच्या घाणीने होतो त्या रोगाची एकही खूण नाही. मग मी तो पहिला वळसा उचलला आणि हात थांबले. वळशाच्या मधली ती पट्टी बारीक नव्हतीच. जाडजूड, घट्ट, कडेने बाहेर आलेली. तराजूत ठेवली. तीन ग्रॅमच्या वर काटा गेला. दुसरा पक्षी, तसंच. पाचही पक्षी तसेच. निम्म्या अंगाच्या कोंबडीत दीडपट स्वादुपिंड.

"डॉक्टर," मी म्हटलं, "जरा हे बघता?"

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. वही बघितली, मागची पानं उलटली. मग कपाटातून जाडं पुस्तक काढून पान शोधलं आणि माझ्यापुढे सरकवलं. स्वादुपिंड असं का वाढतं ते तिथे दिलं होतं. पोटात पाचकरस पोचतो, पण त्याचं काम कोणीतरी अडवतं. मग स्वादुपिंड आणखी रस करतं. तोही अडतो. मग आणखी. राबून राबून ते मोठं होत जातं आणि कोंबडी उपाशीच राहते. कारण लिहिलं होतं, कच्चं किंवा अर्धवट भाजलेलं सोयाबीन.

"तुमची मावशी सुटली," डॉक्टर म्हणाले. मग चष्मा पुसत म्हणाले, "भट्टीवर तुमचे वडीलच ना?"

"हो."

"दाणे तेच पास करतात?"

"हो."

"मॅनेजरांना मी नुसतं 'दाणे कच्चे' असं कळवलं तर ते म्हणतील, आमच्याकडे एवढा अनुभवी माणूस आहे, कच्चा माल जाईलच कसा? अहवाल परत येईल. मग शेडवरच शिक्का बसेल. कच्चा माल का गेला तेही लिहावं लागेल." त्यांनी माझ्याकडे न बघता पुस्तक मिटलं. "अहवाल शनिवारी जाईल. तोपर्यंत बघा काय ते."

तो सोमवार होता.

घरी आल्यावर मी बाबांना विचारलं. सरळ विचारलं नाही. जोडे काढता काढता विचारलं.

"बाबा, भट्टीचा माल नीट भाजला जातोय ना हल्ली?"

ते खिडकीपाशी बसून नखं कापत होते. कात्री थांबली. "का?"

"सहज."

"बघतात ते," बाबा म्हणाले. आणि पुन्हा नखं कापायला लागले.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी भट्टीबद्दल 'मी बघतो' म्हटलं नाही. मला ते तेव्हा ऐकू आलं, पण चुकीच्या बाजूने. त्या हिवाळ्यात बाबांना मोठा ताप येऊन गेला होता. महिनाभर नाक बंद होतं. बरे झाल्यावर जेवणाबद्दल चकार शब्द बोलेनासे झाले होते. आधी मिरी एक दाणा जास्त पडली तरी कळायची त्यांना. माझ्या मनात एकदम सगळं जुळलं. तापात चव गेली आणि ह्यांनी कोणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कसे? भट्टीपाशी उभं राहून दाणे चावतात आणि अंदाजाने हात वर करतात. मला त्यांची दया आली. आता वाटतं, त्या दयेतच सगळी घाई होती.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बाईला सुचणार काय? प्रयोगच. मंगळवारी मी बटाट्याच्या रश्श्यात मीठ घातलं नाही. माझ्यापुरतं मुठीत घेऊन बसले आणि ताटावर हात फिरवताना भुरभुरवलं. बाबांनी दोन वेळा वाढून घेतलं. बुधवारी सूपात मीठ नव्हतं. पाव बुडवून बुडवून संपवलं त्यांनी. गुरुवारी अंडी नुसतीच उकडलेली, काही न लावता. शुक्रवारी मी रश्श्यात मीठ तर नाहीच घातलं, वर दोन चमचे सिरका ओतला. माझ्या जिभेला झिणझिण्या आल्या.

"झालं, बाबा? आणखी देऊ?"

"नको. पोट भरलं." ताट उचलताना त्यांनी ते पावाने पुसूनही घेतलं होतं.

शनिवारी सकाळी मी डॉक्टरांना सांगितलं, की वडिलांची चव गेली आहे. गेल्या हिवाळ्यातल्या तापापासून. त्यांचा दोष नाही, आजारपण आहे. त्यांना दुसरं हलकं काम द्यावं, असंही लिहा म्हटलं.

"नक्की ना, बाई?"

"चार दिवस तपासलं," मी म्हणाले. वजनाचा आकडा सांगावा तसं म्हणाले.

डॉक्टरांनी सगळं लिहिलं. हलक्या कामाचं मात्र लिहायचं राहिलं, असं ते नंतर म्हणाले.

सोमवारी बाबा दुपारी एक वाजताच घरी आले. डबा तसाच होता, उघडलेला नव्हता. तो ओट्यावर ठेवून त्यांनी हातपाय धुतले.

"मॅनेजरने बोलावलं होतं," ते म्हणाले. "म्हणाला, तुमच्या घरूनच कळलंय. मुलगी हुशार आहे म्हणाला तुमची. कंपनीला अशीच प्रामाणिक माणसं हवीत."

"बाबा, मी त्यांना म्हटलं होतं की दुसरं काम—"

"हो, हो. नाही दिलं." त्यांनी पंचा दोरीवर टाकला, त्याचे कोपरे ओढून सरळ केले. "बत्तीस वर्षांत त्या पत्र्याच्या खाली माझी एक वाटी होती चूळ भरायची. ती आणायची राहिली. तू जाशील तेव्हा बघ मिळते का."

ती मिळाली नाही.

मावशीची शेड वाचली. तिला नवीन पिल्लं मिळाली. ती आली, मला जवळ घेतलं, आणि बाबांसमोर खाली मान घालून बसली. शेवटी म्हणाली, "भावोजी, तुम्ही तापाचं बोलला असतात तर आम्ही काय हसलो असतो का?"

"तुम्ही हसला असतात, मेहुणीबाई," बाबा म्हणाले. "तुम्ही तर चितेवरही हसाल."

ती हसली आणि डोळे पुसले. मला वाटलं, मिटलं. हळूहळू सवय होईल.

तीन आठवडे झाले. एका सकाळी मी प्रयोगशाळेचं दार उघडायला गेले तर पायरीवर मावशी बसलेली, मांडीवर तेच खोकं. मी खोकं आत नेऊन टेबलावर ठेवलं. पहिला पक्षी चारशे ऐंशी ग्रॅम. पिसं विस्कटलेली. मी थेट तो वळसाच उचलला.

तीन ग्रॅम दोन दशांश.

भट्टीवर आता दुसरा माणूस होता, तरुण, तिखट-गोड सगळं कळणारा. शिवाय कंपनीने परीक्षेसाठी एक द्रावण मागवलं होतं. काचेच्या बशीत सोयाबीनची पूड पसरायची, वर ते पिवळसर द्रावण घालायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. जिथे कच्चं असेल तिथे लाल ठिपके उमटतात. बाटली आली होती, पण तिचं झाकण कोणी उघडलं नव्हतं. भट्टीचा भाजलेला माल दळून आमच्याकडे दर आठवड्याला यायचा आणि कपाटात नुसता ठेवला जायचा. मी त्याच आठवड्याची पुडी काढली, बशीत पसरली, द्रावण घातलं. पाच मिनिटं थांबायची गरजच पडली नाही. बशी गोवर आलेल्या अंगासारखी झाली.

"डॉक्टर, हा माल माझ्या वडिलांनी पास केलेला नाही," मी म्हटलं.

ते हात धूत होते. नळ बंद केला नाही. "कसा असेल? पोती दुप्पट झाली ना ह्या वर्षी. नवीन शेड किती वाढल्या बघा. भट्टी मात्र तीच एक. चाळीस मिनिटांचा घाणा वीस मिनिटांत काढतात."

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्या गिरणीला माहीत आहे, बाई. मला वाटलं तुम्हालाही असेल. तुमच्या घरातलाच माणूस तिथे होता." त्यांनी हात झटकले. "तुम्ही म्हणालात चव गेली. म्हटलं, दोन्ही असेल."

मी त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. घरी बाबा अंगणात बाकावर बसून घमेल्यातल्या वाळूने चाकूला धार लावत होते. करायला काही नसलं की धार लावत. घरातले सगळे चाकू त्या महिन्यात हात कापण्याइतके धारदार झाले होते.

मी समोर उभी राहिले. "दाणे कच्चे आहेत हे तुम्हाला कळत होतं?"

"कळत होतं."

"मग हात वर का केलात?"

"पहिल्यांदा आडवा हलवला. माल परत भट्टीत गेला. मॅनेजर आला आणि म्हणाला, ट्रक उभे आहेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा आडवा हलवला. तो म्हणाला, मुलगी प्रयोगशाळेत आहे ना तुमची? बरं चाललंय ना तिचं?" बाबांनी चाकू उन्हात धरून पात्याकडे बघितलं. "तिसऱ्यांदा वर केला. त्यानंतर वरच करत राहिलो. चूळसुद्धा भरायची सोडून दिली. कशाला उगीच पाणी फुकट घालवायचं?"

"मी विचारलं होतं तुम्हाला. तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तू भट्टीचं विचारलंस. मी म्हटलं, बघतात ते. खोटं कुठे होतं त्यात?"

"आणि मीठ?" मी विचारलं. "चार दिवस मीठ नव्हतं जेवणात. शुक्रवारी सिरका ओतला होता. का नाही बोललात?"

त्यांनी चाकू बाकावर ठेवला. "तुझी आई गेली तेव्हा पहिले दोन महिने तू असाच स्वयंपाक करायचीस," ते म्हणाले. "कधी मीठ नाही, कधी दोनदा. तेव्हा मी ठरवलं होतं की ह्या पोरीच्या हातच्या जेवणाला कधी नाव ठेवायचं नाही. मला वाटलं, पुन्हा तुझं काहीतरी बिनसलंय."

मी तिथून आत गेले. कुठे जायचं ते कळेना, म्हणून कोठीच्या खोलीत जाऊन उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी मी नवीन अहवाल माझ्या हाताने लिहिला. पाच पक्ष्यांची वजनं, पाच स्वादुपिंडांची वजनं, लाल ठिपक्यांची बशी, वीस मिनिटांचा घाणा. आधीच्या अहवालातलं वडिलांबद्दलचं वाक्य चूक आहे आणि ती चूक माझी आहे, हेही लिहिलं. डॉक्टरांनी खाली 'पाहिले' एवढं लिहून सही केली. तेवढी मी करवून घेतली.

मॅनेजरने मला उभं ठेवूनच अहवाल वाचला. त्याचा आवाज नेहमी मऊ असायचा. वाईट माणसं ओरडतात असं मला तोपर्यंत वाटायचं.

"बाई, भट्टीतला दोष आपण महिन्यापूर्वीच काढून टाकला. तुमच्याच अहवालावरून. हो ना?"

"तो दोष नव्हताच. बशी बघा. दाणे अजून कच्चे आहेत."

"दोष होता, तो काढला, कागद फाइलला आहे. म्हणजे आता खाद्य चांगलं आहे. खाद्य चांगलं असून ह्याच एका शेडमध्ये पक्षी वाढत नसतील, तर दोष कुठे आहे?" त्याने माझा कागद नीट घडी करून मला परत दिला. "तुमच्या मावशी आहेत ना त्या? मी समजू शकतो."

ह्याच एका शेडमध्ये नव्हतं ते. इतर शेडवाले बोलत नव्हते एवढंच. मावशीला पक्षी घेऊन यायला भाचीचं दार होतं, त्यांना नव्हतं.

मावशीची शेड त्या महिनाअखेरीस बंद झाली. कागदावर कारण होतं, स्वच्छता नाही. शेवटचा ट्रक गेल्यावर ती आत गेली आणि सगळी शेड धुऊन काढली, भिंती, जाळ्या, पाण्याची भांडी, सगळं. मी म्हटलं, "मावशी, आता कशाला?" ती म्हणाली, "कोणी बघायला आलं तर?" कोणी आलं नाही. पुढे ती एका वसतिगृहात भांडी घासायला जायची. बाबांची तिने नंतर कधी थट्टा केली नाही आणि त्यांनी तिची नाही. दोघं एकमेकांना जपून बोलायचे, परक्यासारखे. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

दोन वर्षांनी कंपनीने दुसरी भट्टी घेतली. लगेच पक्षी वाढायला लागले, शीट घट्ट झाली, गाद्या कोरड्या राहिल्या. वार्षिक सभेत मॅनेजरचा सत्कार झाला. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण उठूनही गेले नाही. नोकरी मी आणखी एकवीस वर्षं केली. शेवटच्या रकान्यात पुन्हा दोन ग्रॅमच्या थोडे वरचे आकडे यायला लागले, वर्षानुवर्षं, एकसारखे. आता मला त्यात समाधान वाटत नव्हतं. मी फक्त लिहायची.

बाबा त्यानंतर अकरा वर्षं जगले. एक बदल झाला होता त्यांच्यात. जेवायला बसले, की पहिला घास घेऊन म्हणायचे, "मीठ बरोबर आहे." टोमणा मारून नाही. साध्या आवाजात, कामावर हजेरी द्यावी तसं. रोज, दोन्ही वेळेला. पाहुणे हसायचे. मी मान हलवायची आणि माझा घास तोंडात फिरत राहायचा.

त्यांच्या शेवटच्या वर्षातली गोष्ट. मला दिवसभर ताप होता, कसाबसा रस्सा केला होता. बाबांनी पहिला घास घेतला, म्हणाले, "मीठ बरोबर आहे." मी माझा घास घेतला. रश्श्यात मीठच नव्हतं. ह्या वेळी मुद्दाम नव्हे, खरोखर विसरले होते.

मला वाटलं, गेली. आता खरंच गेली ह्यांची चव. मी उठले, मिठाची वाटी आणली आणि त्यांच्या ताटाशेजारी ठेवली.

बाबांनी वाटीकडे बघितलं. मग ती उचलून माझ्या ताटापाशी सरकवली.

"उघड घे," ते म्हणाले. "मुठीत कशाला लपवतेस?"

आणि पुढचा घास घेतला.

म्हणजे मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत, चारही दिवस, त्यांना माझी मूठ दिसत होती. मी काय तपासते आहे ते, अंगणात काहीही म्हणाले असले तरी, त्यांना पहिल्याच घासाला कळलं होतं. आणि मॅनेजरच्या भीतीने कच्चे दाणे पुढे सोडणारा माणूस म्हणून माझ्यासमोर उभं राहण्यापेक्षा, चव गेलेला म्हातारा म्हणून घरी बसणं त्यांनी पत्करलं होतं. बिनमिठाचं चार दिवस खाऊन, ताट पावाने पुसून, ते मला हवं ते उत्तर देत होते.

मी वाटीतलं मीठ घेतलं. त्यांनी नाही घेतलं. दोघांनी जेवण संपवलं.